आबांना न आलेला वास

गाडी पीयूसीत नापास झाली, तेव्हा मला वाटलं मशीनमध्येच काहीतरी गडबड असेल. सांगलीत हळदीच्या पेढीवरून घरी जाताना मी वाटेत थांबले होते. थंडीचे दिवस, संध्याकाळची घाई. पीयूसीवाल्यानं गाडी चालूच ठेवायला सांगितली, नंबरप्लेटचा फोटो काढला, सायलेन्सरमध्ये नळी घातली आणि पडद्याकडे बघत राहिला. मग नळी बाहेर काढून फडक्यानं पुसली आणि पुन्हा घातली.

“मॅडम, फेल दाखवतंय,” तो म्हणाला. “कार्बन मोनॉक्साइड लय जास्त येतोय.”

“कशामुळं?”

“ते काय मशीनला कळत नाही. गाडी जुनी हाय, कायपण असंल. कुणाला तरी दाखवून घ्या, मग परत या.”

दुसऱ्या दिवशी पेढीवर मी हे सांगितलं, तर प्रत्येकाकडे उपाय तयार होता. एक म्हणाला, हायवेला नेऊन दणकून पळवा, सगळी काजळी उडून जाईल. दुसऱ्यानं पेट्रोलमध्ये टाकायच्या कसल्याशा औषधाचं नाव सांगितलं. आमचे शेटजी म्हणाले, “विकून टाका, आता त्या गाडीत राहिलंय काय.” मी सगळ्यांना हो हो म्हटलं आणि जेवणाच्या सुट्टीत आबांना फोन लावला.

आबा म्हणजे माझे वडील. फौजेत गाड्यांचे मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यापासून वडूजजवळच्या आमच्या गावी आईबरोबर राहतात. ही चारचाकी गाडी त्यांनीच निवृत्तीनंतर घेतली, बरीच वर्षं हौसेनं चालवली, आणि मला सांगलीत काम मिळालं तेव्हा “यष्टीला लोंबकळत येऊ नगंस” म्हणून किल्ली माझ्या हातात दिली. त्यामुळे गाडीचं दुखणं त्यांना न सांगता दुसऱ्याला सांगणं म्हणजे घरातली गोष्ट बाहेर नेण्यासारखं होतं.

“फेल?” ते म्हणाले. “आपली गाडी?”

“व्हय.”

“शनिवारी घिऊन ये हिकडं. मधी कुणाला हात लावू दिऊ नगं.”

मी लहान असताना आबा रजेवर यायचे, तेव्हा त्यांची ट्रंक उघडायच्या आत आमच्या अंगणात कुणाची ना कुणाची जीप नाहीतर ट्रॅक्टर येऊन उभा असायचा. आबा बॉनेट उघडायच्या आधी गाडीच्या मागे जाऊन बसायचे. हाताची ओंजळ करून धूर नाकाशी आणायचे, डोळे मिटायचे. भोवतीची माणसं गप्प व्हायची. मग आबा सांगायचे, “ऑइल जळतंय,” किंवा “पेट्रोल जादा जातंय,” किंवा “वास गोडसर हाय, रेडिएटरचं पाणी शिरतंय आत.” पुढचा तास-दोन तास जे काही खोलायचं ते खोलून झालं की शेवटी तेच निघायचं. मीही त्यांच्या शेजारी उकिडवी बसून ओंजळीनं धूर नाकात घ्यायची आणि ठसका लागून आईच्या शिव्या खायची. गावात आबांच्या हाताचं कौतुक कमी आणि नाकाचं जास्त होतं.

शनिवारी सकाळी निघाले. तासगाव, विटा, मायणी करत घरी पोचले, तेव्हा ऊन वर आलं होतं. आबा अंगणात जुनं पोतं अंथरून, शेजारी पान्यांची पेटी ठेवून तयारच होते. मी उतरायला लागले तर म्हणाले, “बंद करू नगंस. ऱ्हाऊ दे चालू.”

ते मागे गेले, खाली बसले. गुडघे आता कुरकुरतात, तरी बसले. ओंजळ केली, धूर नाकाशी नेला, डोळे मिटले. मी गाडीच्या बाजूला उभी होते. तिथपर्यंत पेट्रोलचा असा भपका येत होता की माझे डोळे चुरचुरायला लागले होते.

आबा उठले. “वास तर साफ हाय,” ते म्हणाले. “त्येंचं मशीनच बिगाडलं असंल.”

मला वाटलं, ते गंमत करतायत. त्यांच्या तोंडाकडे पाहिलं तर तसं काही दिसेना.

“आबा, पेट्रोलचा वास येतोय की. हितपर्यंत येतोय.”

“तुला नव्या गाड्यांची सवं झालीया. जुन्या गाडीला एवढा असतुयाच.”

वडिलांना त्यांच्या धंद्यातलं शिकवायचं नसतं, एवढं मला कळत होतं. पण मनात म्हटलं, एवढासा वास हा नाही.

आबांनी गाडी बंद करायला लावली. आधी एअर फिल्टर काढला. तो मळला होता, पण फार नाही. झटकून बाजूला ठेवला. मग एकेक करून स्पार्क प्लग काढायला घेतले. पहिला प्लग हातात आला आणि ते थांबले. प्लगचं टोक काळं कुट्ट होतं, चुलीवरच्या तव्याचं बूड असतं तसं. त्यांनी बोट फिरवलं, बोटाला काजळी लागली. दुसरा काढला, तोही तसाच. राहिलेलेही तसेच. त्यांनी ते सगळे पोत्यावर ओळीनं मांडले आणि त्यांच्याकडे बघत बसले.

प्लग काळे कशानं होतात, एवढं त्यांच्या हाताखाली मीही शिकले होते. पेट्रोल जादा जात असलं, नीट जळत नसलं की होतात. म्हणजे वास येणारच. मघाशी मी म्हणत होते तोच.

“आईला च्या टाकाय सांग,” आबा म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही.

मी स्वयंपाकघरात गेले. आई शेंगा फोडत बसली होती. चहा टाकायला सांगायच्या ऐवजी मी तिच्याजवळ बसले आणि हळूच विचारलं, “आई, आबांना वास येत न्हाई का गं?”

आईनं बाहेर नजर टाकली. मग सुपातल्या शेंगा बाजूला केल्या.

“तुला कुणी सांगितलं?”

“कुणी न्हाई.”

“मलाबी कुणी सांगितलं न्हाई,” ती म्हणाली.

मग तिनं जे सांगितलं ते असं. आमच्या घरी लोणी कढवलं की पातेल्याच्या तळाला जी बेरी राहते, ती साखर घालून खायला आबांना फार आवडते. लोणी कढायला लागून त्याचा वास अंगणात गेला, की ते हातातलं काम टाकून चुलीपाशी येऊन बसायचे. बोलावणं कधी धाडावं लागलं नाही. गेल्या दिवाळीच्याही आधीच्या दिवाळीत आईनं लोणी कढवलं आणि आबा आलेच नाहीत. बाहेर खाटेवर पेपर वाचत होते. तूप गाळून झालं, बेरी थंड झाली, तरी आले नाहीत. शेवटी तिनं हाक मारली, तर म्हणाले, “येतच हुतो की, वास आला मला.” आई म्हणाली, त्याच दिवशी तिला कळलं. पुढं एकदा दूध करपून घरभर धूर झाला, तेव्हा ते शेजारच्याच खोलीत रेडिओ ऐकत बसले होते. तेव्हापासून रोज झोपायच्या आधी गॅसचं बटण ती स्वतः दोनदा बघते.

“मग तू बोलली न्हाईस त्यांना?”

“काय बोलू? ताटावर बसलं की म्हणत्यात, काय झकास वास सुटलाय. आता माणूस एवढं रेटून बोलतंय म्हणल्यावर त्येला कसं म्हणू, खोटं बोलताय म्हणून?”

चहा घेऊन बाहेर येताना मला आणखी एक गोष्ट आठवली, आणि मी उंबऱ्यातच थांबले. हळदीच्या पेढीवर काम करणाऱ्याच्या अंगाला, केसांना, कपड्यांना हळदीचा वास राहतो. कितीही धुतलं तरी जात नाही. मी सुट्टीला घरी आले की आबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, “आली गं बया हळदवाली.” पाऊल वाजायच्या आत म्हणायचे. ते म्हणणं कधीतरी बंद झालं होतं. कधी, ते मला आठवेना. मला वाटलं असणार, वय झालं, लक्ष नसतं. किंवा काहीच वाटलं नसणार.

आबांनी चहा घेतला. बशीत ओतून, फुंकर मारून, सावकाश प्यायले. कप खाली ठेवला आणि प्लगकडे बघतच म्हणाले, “तुला मगाशी वास येत हुता न्हवं?”

“व्हय.”

“लय?”

“लय.”

“मला येत न्हाई.”

“पेट्रोलचा?”

“कशाचाच.”

मी त्यांच्यासमोर पोत्यावर बसले. त्यांना मध्ये एकदा मोठा ताप येऊन गेला होता, तेव्हापासून हे सुरू झालं. आधी वाटलं, सर्दी आहे, जाईल. मग वाटलं, उन्हाळा आला की मोकळं होईल. मग त्यांनी वाट बघणंही सोडलं. आणि लोकांना सांगायला लागले, गुडघ्यानं बसवत नाही, गाड्या बघणं बंद केलंय. आम्हीही तेच धरून चाललो होतो. मी तर त्यांना गुडघ्याला लावायला तेलही आणून दिलं होतं.

“तेल चांगलं हुतं,” ते म्हणाले, आणि आम्ही दोघं हसलो. हसता हसता मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी उठून उगाच पाना उचलला.

“डॉक्टरला दाखवलं का?”

“त्यात काय दाखवायचं? आंधळा न्हाई, भैरा न्हाई. जेवतुया, झोपतुया.” थोडं थांबून ते म्हणाले, “जेवान मातीगत लागतंय. पर जेवतुया.”

त्याबद्दल आणखी बोलणं त्यांना नको असावं, कारण त्यांनी लगेच विषय गाडीवर आणला. त्यांनी प्लग तारेच्या ब्रशनं घासून पुन्हा बसवले आणि मला गाडी सुरू करायला लावली. मग म्हणाले, “ये हिकडं. माझ्या जागंवर बस. आता तू वास घ्यायचा आन् मला सांगायचं.”

मी सायलेन्सरपाशी बसले, ओंजळ केली. इतक्या वर्षांनी पुन्हा ठसका लागला.

“कसला हाय?”

“पेट्रोलचा.”

“ते झालं. कसलं पेट्रोल? पंपावर नळीतनं येतंय तसलं कच्चं, का जळल्यालं? नाकाला झोंबतंय का डोळ्याला?”

“कच्चं. डोळ्याला जास्त.”

“जळल्या तेलासारखं कायतरी? भजी तळून झाल्यावर कढईला येतुया तसं?”

“न्हाई.”

“गोडसर?”

“न्हाई. नुसतं पेट्रोल.”

“बरं,” ते म्हणाले, आणि हे ‘बरं’ मी लहानपणापासून ओळखत होते. त्यांचं डोकं कामाला लागलं की ते असं म्हणतात. “म्हंजे इंजिन चांगलं हाय. ऑइल जळत न्हाई, पाणी जात न्हाई. पेट्रोल जादा मागतंय, एवढंच. आता का मागतंय ते बगायचं.”

ते ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. बराच वेळ पुढच्या काट्यांकडे बघत राहिले. मग मला हाक मारली.

“ह्यो गरमीचा काटा सांगलीपास्नं येताना कुटं हुता?”

“खालीच. हल्ली खालीच असतो. गाडी तापतच न्हाई आता.” हे मी जरा कौतुकानं सांगितलं. उन्हाळ्यात गाडी फार तापायला लागली होती, एकदा तर तासगावच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ निघाली होती. तेव्हा जवळच्या एका गॅरेजात नेली. त्या माणसानं अर्ध्या तासात काम करून दिलं आणि म्हणाला, थर्मोस्टॅट काढून टाकलाय, आता कधी गरम होणार नाही. आणि खरंच झाली नव्हती.

आबांनी कपाळावर हात मारला. मला रागावले मात्र नाहीत.

“आगं, थंड ऱ्हाती म्हंजे गाडी चांगली हाय, आसं न्हवं. इंजिनाला त्येची ऊब लागत्या. ती येईस्तवर गाडी जादा पेट्रोल पित्या. थर्मोस्टॅट म्हंजे दार हाय बग. इंजिन तापंस्तवर पाणी आतच कोंडून ठेवायचं, तापलं की दार उघडून रेडिएटरकडं सोडायचं. त्येनं दारच काढून टाकलंय. मग पाणी सारखं फिरतंय आन् सारखं थंड ऱ्हातंय. गाडीला वाटतंय, आत्ताच चालू झालीया. सांगलीपास्नं हितवर आली तरी वाटतंय, आत्ताच चालू झालीया.”

“मग उन्हाळ्यात का दाखवलं न्हाई मशीननं?”

“उन्हाळ्यात काढलास न्हवं का कागुद? त्येच्या आदी का मागनं काढला थर्मोस्टॅट?”

आधी काढली होती पीयूसी. महिनाभर तरी आधी.

“झालं तर मग,” आबा म्हणाले.

पण नुसत्या तर्कावर पार्ट आणायला जाणारे ते नव्हेत. आत गेले आणि मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून घेऊन आले. तो रेडिएटरच्या पुढे उभा करून बसवला. लडाखला असताना थंडीत असंच करायचे, म्हणाले; वारा अडवायचा आणि इंजिनाला आपली ऊब आपणच धरू द्यायची. गाडी चालू ठेवून आम्ही दोघं काट्याकडे बघत बसलो. काटा सावकाश वर यायला लागला.

“जा,” ते म्हणाले. “आता वास घे.”

मी मागे गेले. ओंजळ केली. धूर गरम होता, कोरडा होता. पेट्रोलचा भपका कमी झाला होता. पण किती कमी झाला, हे सांगताना माझी पंचाईत झाली. मला तो कमी व्हायला हवा होता, म्हणून तर तसं वाटत नसेल?

“कमी झाला,” मी म्हणाले.

“खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून सांगू नगंस.”

मी पुन्हा घेतला. डोळे मिटून घेतला. “खरंच कमी झाला, आबा. डोळ्याला आता काहीच होत न्हाई.”

ते येऊन माझ्या शेजारी उकिडवे बसले आणि त्यांनीही ओंजळ केली. मी तोंड दुसरीकडे वळवलं.

दुपारी वडूजला जाऊन थर्मोस्टॅट घेऊन आलो. पितळी, मुठीत मावेल एवढा, मध्ये झाकण आणि खाली स्प्रिंग. मला वाटलं, आता लगेच बसवतील. पण आबा तो घेऊन थेट स्वयंपाकघरात गेले आणि एका पातेल्यात पाणी ठेवून त्यात सोडला.

“आवं, आमटीचं पातेलं हाय ते!” आई ओरडली.

“धुतो नंतर. नवीन हाय म्हंजे चांगलंच हाय, आसं कुटं असतंय?”

पाणी तापायला लागलं. आम्ही तिघं पातेल्यात डोकावून उभे होतो. बराच वेळ काही झालं नाही. मग पाणी उकळायच्या बेताला आलं आणि झाकण हळूहळू वर उचललं गेलं, कुणी आतून ढकलल्यासारखं. आबा खूश झाले. आईला म्हणाले, “बगितलंस?”

आई पातेल्याकडे बघत नव्हती, त्यांच्याकडे बघत होती. शेजारच्या शेगडीवर फोडणी होती आणि लसूण लालसर होऊन करपायच्या वाटेवर होता. तिचं तिकडे लक्ष नव्हतं, आबांना तर कळायचा प्रश्नच नव्हता. मीच पुढं होऊन गॅस बंद केला.

“करपला व्हय?” आबांनी विचारलं. आणि मग त्यांना वाटलं असावं, की आता आईपुढं उगाच झाकून काय उपयोग. “मला आजकाल वास येत न्हाई,” ते तिला म्हणाले. ते असं सांगितलं, जसं कुणी सांगतं की दळण आणायचं विसरलो.

“मला म्हाईत हाय,” आई म्हणाली.

“कवापास्नं?”

“बेरीपास्नं.”

आबांनी जरा आठवून पाहिलं. त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली. “मग बोलली न्हाईस ती?”

“तुमी तरी कुटं बोलला?” आई म्हणाली, आणि तिनं करपलेला लसूण चमच्यानं वेचून बाजूला काढायला घेतला.

आबांनी चिमट्यानं थर्मोस्टॅट बाहेर काढला, पातेलं खरंच घासून ठेवलं, आणि आम्ही पुन्हा अंगणात आलो.

थर्मोस्टॅट बसवायला फार वेळ लागला नाही. रेडिएटरमध्ये कूलंट भरलं, गाडी सुरू केली. काटा यावा तसा वर आला. मी मागून ओरडले, “वास न्हाई!” पण काटा अर्ध्यावर थांबला नाही. तो पुढं सरकायला लागला. आबा बॉनेटवर वाकून कान देत होते. त्यांनी एकदम हात वर केला. “बंद कर! बंद कर!”

मी धावत जाऊन किल्ली फिरवली.

“पंखा लागला न्हाई,” ते म्हणाले. “एवढ्याला तो लागाय पायजे हुता. आवाजच आला न्हाई.”

रेडिएटरच्या मागे हात घालून त्यांनी चाचपायला सुरुवात केली आणि थोड्या वेळानं एक वायर बाहेर ओढली. ती मध्येच कुरतडलेली होती, तांबं उघडं पडलं होतं. सांगलीत मी गाडी जिथं लावते तिथं उंदरांचा सुळसुळाट आहे. म्हणजे उन्हाळ्यात गाडी तापत होती ती ह्यामुळे. पंखाच फिरत नव्हता. आणि गॅरेजवाल्यानं पंखा न बघता थर्मोस्टॅट काढून टाकला होता. एक दुखणं झाकायला दुसरं मागे लावून दिलं होतं.

“त्येचंबी काय चुकलं म्हणायचं,” आबा वायर सोलता सोलता म्हणाले. “गिऱ्हाइक म्हणतंय गरम व्हाया नगं. त्येनं गरम होऊ दिली न्हाई.”

वायर जोडून, टेप गुंडाळून त्यांनी पुन्हा गाडी सुरू करायला लावली. ह्या वेळी काटा वर आला, जरा थांबला, आणि पंखा घुर्र करून फिरायला लागला. काटा पुन्हा खाली आला. आबांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघायला आई दारात येऊन उभी राहिली होती.

रविवारी संध्याकाळी मी सांगलीला परत आले. सोमवारी पेढीवर जाताना पीयूसी काढली. गाडी पास झाली. पीयूसीवाल्यानं विचारलं, काय केलं? मी सांगितलं, थंड होती, गरम केली. त्याला काही कळलं नाही, पण त्यानं कागद दिला.

पुढच्या सुट्टीत आबांना साताऱ्याला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते तयार व्हायला वेळ लागला, पण आई म्हणाली, “गाडीला एवढं केलं, आता सोत्ताला जरा करा,” तेव्हा ते निघाले. वाटेत साखर कारखाना लागतो. मळीच्या वासानं मी आणि आई दोघींनी भराभर काचा वर केल्या. आबांनी मात्र आपली काच खालीच ठेवली आणि हात बाहेर काढून मजेत बसले. “ह्यो एक फायदा हाय बग,” ते म्हणाले. आई हसून हसून बेजार झाली. त्या दोघांना असं एकत्र हसताना मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

डॉक्टर बाई वयानं माझ्याएवढ्या होत्या. त्यांनी सगळं तपासलं, सरळ सांगितलं, की वास परत येईल का ते आत्ता सांगता येत नाही. काहींचा येतो, काहींचा थोडा येतो, काहींचा नाही. रोज सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू, निलगिरीचं तेल आणि गुलाब अशा चार वस्तू नाकाशी धरायच्या आणि हा वास कसा असतो, ते आठवायचा प्रयत्न करायचा. घरात गॅस गळला तर वाजणारी घंटा बसवायला सांगितली. ती मी त्याच दिवशी घेतली. आई आता झोपायच्या आधी बटण एकदाच बघते.

बाहेर पडल्यावर मला वाटलं, आबा खट्टू झाले असतील. पण ते म्हणाले, “बरी हाय बाई. वास येतुयाच म्हणून उगं सांगितलं न्हाई.”

आता आबा पुन्हा गाड्या बघतात. नाकाची गोष्ट त्यांनी स्वतःच गावात सांगून टाकली, आणि सांगितल्यावर लोक आणखी यायला लागले, हे कसं, ते त्यांना अजून उमगलेलं नाही. वास घ्यायचं काम आईकडे आलंय. ती पदर नाकाला लावून सायलेन्सरपाशी वाकते, आधी नाक मुरडते, मग सांगते, “पेट्रोल न्हवं. भज्याच्या कढईगत येतंय.” आबा “बरं” म्हणतात आणि पान्यांची पेटी उघडतात. कधी कधी दोघांत वाद होतो. मागच्या आठवड्यात एका ट्रॅक्टरवरून झाला. आई म्हणत होती, जळकट आहे. आबा म्हणत होते, डिझेलचा असाच असतो, तुला सवय नाही. शेवटी आईचं खरं निघालं, आणि त्या दिवशी तिनं सगळ्या आळीत सांगितलं.

रविवारी फोन केला की मी विचारते, “काय म्हणतंय नाक?” आबा म्हणतात, “न्हाई अजून.” त्यात दुःख असतं का, ते मला फोनवर नीट कळत नाही. लवंग, लिंबू वगैरे ते नेमानं हुंगतात, हे मात्र आईकडून कळतं. फौजेतल्या माणसाला एकदा सांगितलं की तो करतो.

गेल्या रविवारी मात्र त्यांनी वेगळं सांगितलं. “सकाळी लवंगंला कायतरी वाटलं,” ते म्हणाले. “अगदी जरासं. पर ते खरंच आलं, का मला आठवलं, ते कळंना.”

मी खुर्चीवरून उठूनच उभी राहिले. “मग आता परत घेऊन बघा की, आबा. मी फोनवर हाय.”

“उद्या सकाळी,” ते म्हणाले. “आत्ता दारात जीप आलीया. ठेवू?”